अनित्य वस्तूंची निगा : विनयपिटकातील एका नियमाचा विचार

जी विचारपरंपरा कारणांच्या संयोगाने घडलेली प्रत्येक वस्तू अनित्य आहे असे सांगते, आणि जिच्यातील साधकाने घरदार, मालमत्ता व त्यांच्याविषयीची ओढ मागे टाकूनच दीक्षा घ्यावयाची असते, त्या परंपरेने अंगणात मांडलेले बाक न उचलता निघून गेलेल्या साधकाला दोषी ठरवावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. लाकूड आज ना उद्या कुजणार, विणलेली पट्टी आज ना उद्या तुटणार, आणि हे सत्य ज्याने पुरते ओळखले आहे त्यानेच पावसात भिजणाऱ्या बाकाची काळजी का वाहावी, असा प्रश्न त्यातून सहज उभा राहतो. त्याचे स्वरूप वरवर पाहता किरकोळ असले तरी त्याच्या पोटात एक मोठा तात्त्विक प्रश्न आहे. माणूस ज्या वस्तू वापरतो, पण ज्यांचा तो मालक नसतो, त्यांच्याशी त्याचे नाते कोणते असावे, आणि वस्तूंची निगा राखणे हे धर्माचरणाचे अंग मानावे की धर्माचरणातून मन काढून घेणारा व्याप मानावा, हा तो प्रश्न होय. पाली विनयपिटकाने त्याला दिलेले उत्तर मूलगामी आहे, आणि ते तत्त्वचर्चेच्या रूपात न येता पलंग, बाक, गादी आणि झाडू यांच्याविषयीच्या नियमांतून आलेले असल्यामुळे त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

विनयपिटक हा पाली त्रिपिटकाचा भिक्षू-भिक्षुणींच्या आचारनियमांना वाहिलेला विभाग होय. त्याच्या केंद्रस्थानी पातिमोक्ख, म्हणजे दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी संघापुढे म्हणावयाची नियमावली असून पाली परंपरेत भिक्षूंसाठी तिच्यात २२७ नियम आहेत. या नियमांच्या गुरुत्वानुसार पायऱ्या लावलेल्या आहेत. ज्यांच्या भंगाने भिक्षुत्वच संपते ते चार नियम सर्वांत वरचे, आणि ज्यांचा भंग झाल्यास दुसऱ्या भिक्षूसमोर दोष कबूल करून शुद्ध होता येते ते पाचित्तिय नावाचे ९२ नियम त्यांच्या मानाने बरेच खालचे. दुक्कट, म्हणजे अनुचित कृत्य, हा दोष याहूनही सौम्य समजला जातो. धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ या ग्रंथात या नियमांची ओळख मराठी वाचकांना करून दिली, आणि त्यामुळे या विषयाची चर्चा मराठीत अगदीच नवखी नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे तो चौदावा पाचित्तिय नियम.

या नियमाच्या उत्पत्तीची हकिकत विनयपिटकात थोडक्यात आली आहे. श्रावस्तीजवळच्या जेतवन विहारात भगवान बुद्धांचा मुक्काम असताना थंडीच्या दिवसांत काही भिक्षूंनी अंग शेकण्यासाठी पलंग-बाके बाहेर उन्हात काढून मांडली, आणि वेळ झाल्याची सूचना मिळताच ती तशीच टाकून ते निघून गेले. त्यांनी ती स्वतः उचलली नाहीत, दुसऱ्याकडून उचलवून घेतली नाहीत, की कोणाला सांगूनही ते गेले नाहीत, आणि पावसाने ते सारे सामान भिजले. यावर जो नियम घालून देण्यात आला त्याचा आशय असा की, संघाच्या मालकीचा पलंग, बाक, गादी किंवा विणीचे आसन उघड्यावर मांडून अथवा मांडवून जो भिक्षू जाताना ते उचलत नाही, उचलवून घेत नाही, किंवा कोणाला सांगितल्यावाचून निघून जातो, त्याला पाचित्तिय दोष लागतो. या सर्व सामानाला पालीत सेनासन अशी संज्ञा आहे. निजण्याची व बसण्याची साधने आणि ती जेथे असतात ती जागा असा दुहेरी अर्थ तीत सामावलेला आहे.

नियमाबरोबरच दिलेल्या सवलतीतून त्यामागची दृष्टी किती व्यावहारिक होती हे कळते. वर्षातील पावसाचे नसलेले आठ महिने हे सामान मंडपात किंवा झाडाखाली ठेवण्यास मुभा आहे, मात्र ते झाड कावळ्या-घारींच्या विष्ठेने सामान घाण होणार नाही असे असले पाहिजे. नियमाच्या विवरणात पलंगाचे व बाकाचे पायांच्या जोडणीनुसार प्रत्येकी चार प्रकार आणि गाद्यांचे आतील भरणानुसार पाच प्रकार सांगितले आहेत. लोकर, चिंध्या, झाडाची साल, गवत आणि पाने हे ते भरण. विणीची आसने साल, वाळा, मुंज अशा तंतूंची असत. साध्या माणसाने फेकलेले ढेकूळ जेथे पडेल तेवढ्या अंतरापलीकडे भिक्षू गेला म्हणजे तो सामान सोडून गेला असे धरावे, इतपत नेमकी मोजणीही तेथे आहे. वैराग्याचा उपदेश करणाऱ्या ग्रंथाने सुतारकामाच्या आणि विणकामाच्या तपशिलांत इतके खोल जावे, यावरून या वस्तूंचा विचार त्या परंपरेने गौण म्हणून बाजूला सारलेला नव्हता हे स्पष्ट होते.

तथापि या नियमाचे तात्त्विक मर्म त्याच्या दोषविभागणीत आहे. सोडून दिलेले सामान संघाचे असेल तर दोष पाचित्तिय, दुसऱ्या एखाद्या व्यक्तीचे असेल तर दोष दुक्कट, आणि भिक्षूच्या स्वतःच्या मालकीचे असेल तर कोणताच दोष नाही. सामान्य व्यवहारात माणसाची काळजी याच्या नेमकी उलट दिशेने चालते. स्वतःच्या वस्तूला तो सर्वांत अधिक जपतो, शेजाऱ्याच्या वस्तूला भीडेपोटी सांभाळतो, आणि जी वस्तू सर्वांची ती कोणाचीच नाही असे मानून तिच्याकडे पाठ फिरवतो. विनयाने ही उतरंड उलटी केली. आपली वस्तू पावसात सोडणाऱ्याचे नुकसान त्याचे त्यालाच भोगावे लागते आणि त्या नुकसानीकडे तो अनासक्तपणे पाहू शकला तर त्यात धर्माच्या दृष्टीने काही बिघडत नाही. परंतु संघाच्या वस्तूविषयी अनासक्तीचे कारण पुढे करण्याचा अधिकार त्याला नाही, कारण जे आपले नाही त्याचा त्याग कोणालाही करता येत नाही. म्हणजे निगा आणि ममत्व या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत ही समजूतच या विभागणीने नाकारली आहे. ज्या निगेला ‘माझे’ या भावनेचे बळ लागत नाही तीच निगा विनयाला अपेक्षित आहे, आणि ती साधली की नाही यावरून भिक्षूची अनासक्ती खरी की आळसाला दिलेले गोंडस नाव, याची परीक्षा होते.

हाच विचार नियमाच्या आणखी दोन बाजूंवरून दृढ होतो. पहिली बाजू जाणिवेची आहे. सामान संघाचे असून ते एखाद्या व्यक्तीचे आहे असे भिक्षूला वाटले, किंवा ते कोणाचे याविषयी त्याच्या मनात शंका असली, तरी दोष पाचित्तियच राहतो. वस्तू कोणाची हे विचारून घेणे हा वापरणाऱ्याच्याच कर्तव्याचा भाग आहे, आणि न विचारल्याने आलेले अज्ञान त्याला सोडवू शकत नाही, असा याचा अर्थ होतो. दुसरी बाजू सुटकेची आहे. जाताना दुसऱ्या भिक्षूला, श्रामणेराला, म्हणजे अद्याप पूर्ण उपसंपदा न मिळालेल्या शिकाऊ साधकाला, अथवा आरामिकाला, म्हणजे विहाराची कामे पाहणाऱ्या माणसाला सांगून गेल्यास दोष लागत नाही. सामान वाळावे म्हणून मुद्दाम उन्हात ठेवून गेल्यास, किंवा संकटामुळे उचलता न आल्यासही दोष लागत नाही. प्रत्येक वेळी प्रत्येकाने स्वतःच ओझे वाहिले पाहिजे असा आग्रह येथे नाही. जबाबदारी कोणाच्या तरी हाती जाणीवपूर्वक पोचली पाहिजे, दोन माणसांच्या मधल्या रिकाम्या जागेत ती गळून पडता कामा नये, एवढाच नियमाचा आग्रह आहे.

संघाच्या वस्तूला इतके महत्त्व का, या प्रश्नाचे उत्तर संघ या कल्पनेच्या व्याप्तीत आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने साठ विहार बांधून त्यांचे काय करावे असे विचारले, तेव्हा ते आलेल्या व पुढे येणाऱ्या चारी दिशांच्या संघाला अर्पण करावेत असे बुद्धांनी त्याला सांगितल्याची हकिकत चुल्लवग्ग या विनयविभागात आहे, आणि अनाथपिंडिक या दात्यानेही जेतवन याच शब्दांत अर्पण केले. या संकल्पनेप्रमाणे विहारातील बाकाचा मालक त्या विहारात आज राहणारा भिक्षुसमुदाय नाही. जे अद्याप आले नाहीत, ज्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, किंबहुना जे अजून जन्मालाही आले नाहीत, तेही त्या बाकाचे समान हक्कदार आहेत. म्हणूनच पलंग, बाक, गादी व उशी यांची गणना संघाच्या अविभाज्य संपत्तीत केली असून ती वाटून टाकण्याचा अधिकार एखाद्या भिक्षूला नाही, भिक्षूंच्या गटाला नाही, आणि खुद्द उपस्थित संघालाही नाही. ज्याला तक्रार करण्यासाठी तोंड नाही अशा भावी माणसाचा हक्क सांभाळणे, हे भिजणाऱ्या बाकाच्या नियमाचे खरे प्रयोजन होय.

चारी दिशांच्या संघाची ही कल्पना महाराष्ट्राच्या भूमीवर कोरलेली आढळते, आणि म्हणून मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदात या दात्याच्या शिलालेखात लेणे चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिल्याचे नमूद असून त्याबरोबर ३००० कार्षापण नाण्यांचा अक्षयनिधी, म्हणजे मुद्दल कधीही परत न घेता केवळ व्याज वापरावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने आणि १००० कार्षापण शेकडा पाऊण या दराने ठेवले होते, आणि मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातील एके ठिकाणचा मुक्काम, करणाऱ्या २० भिक्षूंच्या वस्त्रांची सोय होत असे. ही तरतूद वस्त्रांसाठी व किरकोळ गरजांसाठी असली तरी तिच्यामागचे तत्त्व व्यापक आहे. दात्याने वास्तू दिली आणि तो मोकळा झाला असे झाले नाही, तर त्या वास्तूतील जीवन पुढे चालत राहावे याचीही तजवीज त्याने त्याच दानपत्रात केली. कान्हेरीच्या शंभरांहून अधिक लेण्यांपैकी अनेकांच्या बाहेर खडकातच घडवलेली बसण्याची आसने आणि शेजारी पाण्याच्या पोढी आहेत. सह्याद्रीच्या पावसात लाकडी बाक टिकले नसते, दगडी आसन टिकले. पण त्या दगडावरही शेवाळ धरते आणि ते कोणीतरी घासून काढल्याशिवाय आसन बसण्याजोगे राहत नाही. टिकाऊपणामुळे निगेची गरज लांबणीवर पडते, ती नाहीशी होत नाही.

आता मूळ आक्षेपाकडे वळणे आवश्यक आहे. सर्व काही अनित्य असेल, आणि ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन या भिक्षूने राजा मिलिंदाला रथाच्या दृष्टान्ताने पटवून दिल्याप्रमाणे रथ हे चाके, आस, जू अशा अवयवांच्या जुळणीला व्यवहारापुरते दिलेले नाव असेल, तर बाक हेही पाय, चौकट आणि पट्ट्या यांच्या जुळणीचे नाव ठरते, आणि मग जपावयाचे तरी काय, असा हा आक्षेप आहे. त्याचे उत्तर अनित्यतेच्या नेमक्या अर्थात सापडते. अनित्यता म्हणजे वस्तू कशाही वागवल्या तरी सारख्याच वेगाने नष्ट होतात असा दैववाद नव्हे. वस्तू कारणांनी घडतात, कारणांनी टिकतात आणि कारणांनीच मोडतात, असा तो सिद्धान्त आहे. पाऊस बाकाच्या नावावर पडत नाही, त्याच्या तंतूंवर पडतो. लाकूड पाणी शोषून फुगते, उन्हात आकसते, या फुगण्या-आकसण्याने त्याला भेगा पडतात, भेगांतून ओल आत शिरते, आणि लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांच्या वर राहिले की कुजवणाऱ्या बुरशीला तेथे जम बसवता येतो. या साखळीतील प्रत्येक कडी कारणाधीन आहे, आणि जेथे कारण आहे तेथे माणसाच्या कृतीला वाव आहे. म्हणून अनित्यतेचा सिद्धान्त निगेला विरोध करत नाही, तोच तिचा पाया ठरतो. वस्तू नित्य असत्या तर त्यांची निगा राखण्याची गरजच उरली नसती. या नियमानंतर येणारा पंधरावा पाचित्तिय नियम विहाराच्या आत अंथरूण तसेच टाकून जाण्याविषयी असून, तेथे ते अंथरूण वाळवीने खाल्ल्याचा प्रसंग कारण म्हणून दिलेला आहे. बाहेर पाऊस आणि आत वाळवी, अशी विनाशाची दोन्ही कारणे परंपरेने डोळे उघडे ठेवून नोंदवली आहेत.

वस्तूंचा स्वीकार केला म्हणूनच हे सारे करावे लागते, तेव्हा त्या मुळातच नाकारल्या तर अधिक बरे, असा दुसरा मार्ग सुचवला जाऊ शकतो, आणि संघाच्या इतिहासात तो सुचवलाही गेला. देवदत्त या भिक्षूने ज्या पाच कडक नियमांची मागणी केली त्यांत भिक्षूंनी जन्मभर झाडाखालीच राहावे, छपराखाली जाऊ नये, ही एक होती. बुद्धांनी झाडाखाली राहण्यास आठ महिन्यांपुरती अनुमती असल्याचे सांगून ती सक्ती नाकारली. मध्यम मार्गाचा एक परिणाम येथे दिसतो, जो सहसा सांगितला जात नाही. जो सर्व साधने टाकून देतो त्याला कशाचीच झाडलोट करावी लागत नाही, आणि जो साधनांत रमतो तो स्वतःसाठी झाडलोट करतो. जो साधने गरजेपुरती स्वीकारतो त्याच्यावर मात्र स्वीकाराबरोबर जोपासनेचे ऋण येते. वस्तू वापरायची पण तिची उस्तवार दुसऱ्याने करायची, अशी मध्यम मार्गाची सोयीस्कर आवृत्ती विनयाला मान्य नाही.

ही जोपासना प्रत्यक्षात कशी करावयाची याचे चुल्लवग्गातील वर्णन वाचले म्हणजे शारीरिक काम आणि चित्ताची शिकवण किती एकजीव झाली होती हे उमगते. निवासस्थान साफ करताना पलंग तिरपा न आदळता खाली वाकवून, न घासता, दाराच्या फळीला व चौकटीला धक्का न लावता बाहेर काढावा. अंथरलेले कापड कसे अंथरले होते ते आधी लक्षात घेऊन मग उचलावे. जाळी-जळमटे वरून खाली काढावीत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर डाग असल्यास फडके ओले करून, पिळून पुसावे. कच्ची जमीन धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडून मगच झाडावी. बाहेर काढलेले पलंग, बाक आणि गाद्या उन्हात वाळवून, झटकून, पुसून पुन्हा होत्या तशाच मांडाव्यात. गादी झटकताना जवळ भिक्षू नसावेत, पिण्याचे पाणी नसावे, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहून ती झटकू नये, अन्यथा एकाची स्वच्छता दुसऱ्याच्या अंगावर धूळ होऊन पडते. ओल्या पायांनी अथवा पादत्राणे घालून सेनासनावर चढू नये. पलंगाच्या पायांनी जमिनीवर ओरखडे उठत असतील तर पायांना कापड गुंडाळावे. पलंगाखाली ठेवावयाचे आधार आठ अंगुळांपेक्षा उंच नसावेत. या प्रत्येक सूचनेत वस्तू, जागा आणि दुसरा माणूस या तिघांचे भान एकाच वेळी ठेवावे लागते. स्मृती, म्हणजे चालू क्षणी घडत असलेल्या क्रियेविषयीची जागरूकता, ही बौद्ध साधनेत मुख्य मानली जाते, आणि पलंग दाराच्या चौकटीला न लागता बाहेर काढणे हा त्या जागरूकतेचा ध्यानासनावरील बैठकीइतकाच खरा अभ्यास आहे.

निगेचे स्थान केवळ शिष्टाचारापुरते नव्हते याचा सर्वांत भक्कम पुरावा पहिल्या संगीतीच्या वृत्तान्तात मिळतो. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर धम्म आणि विनय यांचे एकत्र पठण करून ते निश्चित करण्यासाठी पाचशे स्थविर राजगृहात जमले, तेव्हा मोडक्या-तुटक्या गोष्टींची दुरुस्ती करणे हे बुद्धांनी प्रशंसिलेले कर्म आहे असे स्मरून वर्षावासाचा पहिला महिना त्यांनी दुरुस्तीसाठी ठेवला आणि दुसऱ्या महिन्यात पठणाला आरंभ केला. शास्त्याची वाणी विस्मरणात जाऊ नये अशी निकड असतानाही आधी निवासांची डागडुजी झाली. त्या स्थविरांच्या लेखी पडझड झालेल्या जागेकडे दुर्लक्ष करून केलेले धम्मपठण अपुरे ठरले असते, असाच निष्कर्ष या क्रमावरून निघतो.

निगा म्हणजे वस्तू जशीच्या तशी टिकवण्याचा अट्टहास नव्हे, हेही विनयातील एका संवादातून दिसते. उदयन राजाच्या राण्यांनी आनंद या भिक्षूला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एका श्रमणाला इतकी वस्त्रे कशाला, या शंकेने राजाने त्याला प्रश्न विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू, असे आनंदाने सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय, या प्रश्नाला त्यांची पांघरुणे-पलंगपोस करू, असे उत्तर आले. आणि पुढे जुन्या पलंगपोसांचे गाद्यांचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांची जमिनीवरची अंथरणी, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी, आणि शेवटी त्या फडक्यांच्या चिंध्या करून मातीत कालवून जमीन सारवणे, अशी पायरी-पायरीने उत्तरे येत गेली. या हकिकतीत वस्तूचा नाश नाकारलेला नाही. तो एकेका उपयोगातून सावकाश आणि सार्थपणे होऊ दिलेला आहे. अनित्यतेला शरण जाणे आणि अनित्यतेशी सहकार्य करणे यांतील अंतर येथे स्वच्छ दिसते. पावसात टाकलेले बाकही मातीला मिळते आणि आनंदाचे कापडही मातीला मिळते, पण पहिले कोणाच्याही उपयोगी न पडता आणि दुसरे सर्वांच्या उपयोगी पडून.

श्रमण परंपरेच्या दुसऱ्या शाखेतही, जैन धर्मात, वस्तू हाताळण्याला धार्मिक मूल्य आहे, परंतु त्याचे अधिष्ठान वेगळे आहे. पाच समितींपैकी, म्हणजे दक्षतेच्या नियमांपैकी, आदाननिक्षेपण समितीनुसार साधूने कोणतीही वस्तू नीट पाहून, हलकेच पुसून उचलावी व ठेवावी लागते, आणि वस्त्र-उपकरणांचे प्रतिलेखन, म्हणजे सूक्ष्म जीवांसाठी केलेली पाहणी, हा नित्यक्रम असतो. तेथे वस्तूवर आश्रय घेतलेल्या जीवाची हिंसा टाळणे हा हेतू प्रधान आहे. बौद्ध विनयातील या नियमात वस्तूवर पुढे बसणाऱ्या माणसाचा हक्क प्रधान आहे. एका परंपरेने अतिसूक्ष्म जीवाला आणि दुसरीने अनुपस्थित माणसाला डोळ्यांपुढे ठेवले, पण बाक कसे उचलावे आणि कसे ठेवावे हा धर्माचा प्रश्न आहे याविषयी दोन्हींचे एकमत आहे.

या विवेचनाला एक मर्यादाही सांगितली पाहिजे. संस्थेच्या वस्तूंची काळजी वाढत जाऊन तीच संस्थेचे साध्य होण्याचा धोका प्रत्येक धर्मपरंपरेत असतो, आणि कुलूपबंद सभागृहात आच्छादनाखाली झाकून ठेवलेली, कोणीही बसू नये अशी आसने हे त्या विकाराचे लक्षण आहे. विनयाने या धोक्यावरील उपायही त्याच नियमात ठेवला आहे, कारण भिक्षूंनी बाके उन्हात नेली यात त्याने दोष मानला नाही. थंडीत उन्हात बसण्यासाठीच बाक असते. वापर हा वस्तूचा हक्काचा धर्म आहे आणि निगा ही त्या वापराची दुसऱ्यासाठी केलेली वाढ आहे. जी निगा वापरच थांबवते ती वेषांतर केलेली मालकीच होय.

आजच्या महाराष्ट्रात या विचाराचा संबंध कोठे येतो हे शोधायला लांब जावे लागत नाही. उद्याने, नदीकाठचे घाट, मंदिरांची व विहारांची आवारे, बसथांबे येथील बाकांवर कोणाच्या तरी स्मरणार्थ ती दिल्याचे अथवा कोणाच्या तरी निधीतून ती बसवल्याचे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, आणि ती कोण पुसणार हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात गावोगावी विहार उभे राहिले, आणि त्यांच्या अंगणांतील बाकेही आलेल्या व येणाऱ्या सर्वांची आहेत. त्यांच्या निगेला मोठी सामग्री लागत नाही. आधी कोरड्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने धूळ काढावी, मग सौम्य साबणाच्या पाण्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे, पक्ष्यांची विष्ठा वाळून लाकूड किंवा रंग खराब होण्याआधी ओली करून पुसून घ्यावी, आणि धुतलेले बाक पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर तेल वा रंग चढवू नये. पायांचे तळ ओल सर्वांत अधिक शोषतात, म्हणून त्यांखाली विटेचा किंवा दगडाचा तुकडा असावा. पावसाळ्यापूर्वी हलणारे बाक छपराखाली न्यावे, आणि झाकायचेच झाल्यास हवा खेळती राहील असे झाकावे, कारण प्लास्टिकखाली कोंडलेली ओलही पावसाइतकीच हानी करते. लोखंडी बाकावरील गंजाचे ठिपके वेळीच घासून रंगवावेत, सैल झालेले स्क्रू आवळावेत, आणि ओढत नेण्याऐवजी बाक दोघांनी उचलून न्यावे.

या सर्व सूचनांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या नियमाने सांगितलेली आहे, ती म्हणजे जाताना कोणाला तरी सांगून जाणे. विहाराच्या, देवळाच्या अथवा उद्यानाच्या व्यवस्थापकांनी बाक स्वीकारताना दात्याच्या नावाबरोबर ते सांभाळणाऱ्याचे नावही नोंदवावे, आणि ती व्यक्ती पद सोडताना ते काम दुसऱ्याच्या हाती बोलून सोपवावे. उषवदाताने भिक्षूंच्या गरजांसाठी ठेव ठेवली त्या धर्तीवर दात्यांनीही देणगीतील एक भाग देखभालीसाठी अलग ठेवावा. ज्या दानाबरोबर निगेची व्यवस्था नाही ते दान अपुरे समजावे, आणि जो सार्वजनिक आसनावर बसतो त्याने उठताना ते पुढच्या माणसाला बसता येईल अशा स्थितीत सोडणे हे सौजन्याच्या पलीकडचे, धर्माने सांगितलेले कर्तव्य मानावे.